सायप्रस बेटाचे पिंजरे आणि जंबुसरचा जिताडा

पावसाळ्याच्या तोंडावर भाचा घरी आला तो हिशेबाची वही घेऊनच. जंबुसर तालुक्यात, ढाढर नदी जिथे खंबायतच्या आखाताला मिळते त्या बाजूला, त्याने आणि त्याच्या मित्राने कोळंबीची दोन तळी भाड्याने घेतली आहेत. दोन हंगाम रोगाने खाल्ले. आता एका तळ्यात जिताडा सोडायचा बेत होता. चहा होईपर्यंत तो दर, खाद्य, बोटुकलीची (बोटभर पिल्लांची) किंमत असं सगळं सांगत राहिला आणि मग म्हणाला, "मावशी, कोळंबीचं तू म्हणायचीस ते मला पटायचं. व्हॅनामाय परदेशी, ती खाडीत सुटू नये. पण जिताडा आपलाच ना? खाडीत पूर्वीपासून मिळतो. तो सुटला तर आपल्याच घरी गेला. त्यात बिघडलं काय?"

तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता. चटकन उत्तर दिलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि जंबुसरला जाऊन ठरवलेलंच केलं असतं. म्हणून त्याला म्हटलं, चार रविवार बडोद्याला दांडिया बाजारात आमच्याकडे ये. माझे दोन जुने विद्यार्थीही आले. आम्ही एकच प्रकरण घेतलं आणि ते शेवटपर्यंत वाचलं. ते प्रकरण आणि त्यातून आम्ही जंबुसरच्या बांधावर कसे पोचलो, ते इथे लिहिते आहे.

बडोद्यात बसून समुद्राची चिंता कशाला, असं इथे पुष्कळांना वाटतं. पण पावागढच्या बाजूने येणारी आपली विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्या, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच पाण्यातून काठावरच्या तळ्यांतले मासेही वाहत गेले. पाणी ओसरल्यावर आमच्या मागच्या गल्लीतल्या डबक्यात तिलापिया तडफडत होते. तिलापिया मूळचा आफ्रिकेचा. त्याचे काही भाऊबंद समुद्राकडेही गेले असणार, कारण त्याला मचूळ पाणी चालतं. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

१९ ऑगस्ट २०१७, डीपवॉटर बे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅनाकॉर्टिस गावाजवळ सायप्रस नावाचं बेट आहे. त्याच्या डीपवॉटर बे या खाडीत कुक अ‍ॅक्वाकल्चर या कंपनीचे पिंजरे होते: लोखंडी चौकटी, त्यांना खाली सोडलेली जाळी आणि सगळं जागच्या जागी धरून ठेवणारे नांगर व साखळ्या. आत सुमारे ३,०५,००० अटलांटिक सॅमन, एकेक साडेचार किलोच्या आसपास. म्हणजे विक्रीला आलेला माल. बाहेर मात्र पॅसिफिक महासागर, आणि त्यात पॅसिफिकचे स्वतःचे सॅमन: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक, चम. अटलांटिक सॅमन इथे पाहुणाच होता, माणसाने आणलेला.

१९ ऑगस्टला, शनिवारी, दहा पिंजऱ्यांचा तो सांगाडा वाकू लागला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मोडून पडला. कंपनीने पहिल्यांदा सांगितलं, चार-पाच हजार मासे सुटले असतील. कारण म्हणून सूर्यग्रहणाकडे बोट दाखवलं. २१ ऑगस्टला ग्रहण होतं, त्यामुळे भरती आणि प्रवाह नेहमीपेक्षा जोरदार होते, असं निवेदन निघालं. भाचा इथे थांबला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं हे जंबुसरच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरच्या बाजूला दहा मीटरपर्यंत जातो. तो म्हणाला, "पण उधाण तर दर पंधरवड्याला येतं. ग्रहण काय, अमावास्या ती अमावास्या." तिथल्या शास्त्रज्ञांनीही हेच म्हटलं होतं: त्या दिवसांतली भरती वर्षातल्या इतर मोठ्या भरत्यांपेक्षा वेगळी नव्हती.

मग राज्याच्या तीन विभागांनी मिळून चौकशी केली. अहवाल ३० जानेवारी २०१८ला आला. त्यातली दोन कारणं आम्ही पुन्हापुन्हा वाचली.

पहिलं म्हणजे जाळी साफ केलेली नव्हती. समुद्रात टांगलेल्या कुठल्याही जाळीवर शिणाणे, शेवाळ, नाना जीव चिकटतात. ते वेळच्या वेळी धुवावे लागतात. इथे जाळी धुणारी यंत्रं बंद पडलेली होती आणि वाढ साचत गेली. अहवालाचा अंदाज होता सुमारे ११० टन. वजन हा त्यातला निम्मा प्रश्न. खरा घात प्रवाहाने केला. स्वच्छ जाळीच्या भोकांतून पाणी आरपार जातं. भोकं बुजली की जाळी शिडासारखी होते आणि प्रवाह ती सगळ्या ताकदीनिशी ढकलतो. तो सगळा ताण नांगरांवर येतो.

दुसरं म्हणजे आदल्याच महिन्यात, २४-२५ जुलैला, याच पिंजऱ्यांचे नांगर सुटून सांगाडा जागचा हलला होता. तेव्हा तो ओढूनताणून जागेवर आणला गेला. पण जाळी तशीच राहिली. समुद्राने महिनाभर आधी सूचना दिली होती, ती नुसती साखळ्या बदलून मिटवली गेली. मला या प्रकरणात सर्वांत दुःख याचं वाटतं. एवढा मोठा पसारा एका रात्रीत मोडत नाही, तो रोजच्या न केलेल्या कामाने मोडतो.

जाळीची अस्वच्छता हे मूळ कारण असल्याचं कंपनीने मान्य केलं नाही. राज्याने ३,३२,००० डॉलरचा दंड केला, आणि एका संवर्धन संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली भरलेला खटला २०१९मध्ये २७ लाख ५० हजार डॉलरवर मिटला.

किती सुटले?

एक पूर्ण रविवार आमचा फक्त आकड्यांत गेला, आणि तो सर्वांत चांगला रविवार होता.

पहिल्या दिवशी चार-पाच हजार. नंतर कंपनीचा आकडा झाला सुमारे १,६०,०००. चौकशी समितीने काय केलं? पिंजऱ्यात मुळात किती होते ते घेतलं: ३,०५,०००. मोडलेल्या सांगाड्यातून बाहेर काढलेले किती ते मालाच्या वजनावरून पुन्हा मोजलं: ४२,००० ते ६२,०००. उरलेले सुटले: २,४३,००० ते २,६३,०००. त्यांतले साधारण ५७,००० मासेमारांनी पकडले. यांतले बहुतेक, ४० हजारांहून जास्त, लम्मी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मच्छीमारांनी काढले. लम्मींनी आणीबाणी जाहीर केली होती. स्वतःचा चिनूक पकडण्याच्या हंगामात ते दिवसरात्र परका मासा उपसत होते. तरी दोन लाखांच्या आसपास मासे हिशेबाबाहेरच राहिले.

मी भाच्याला विचारलं, "तुझ्या तळ्यात आज किती कोळंबी आहे?" तो म्हणाला, खाद्यावरून अंदाज लावतो. बरोबर आहे, सगळेच तसं करतात. मग विचारलं, "आणि जिताडा सोडलास, आठ महिन्यांनी काढलास आणि हजारातले चारशेच निघाले, तर सहाशे कुठे गेले म्हणशील?"

"एकमेकांना खाल्ले म्हणीन. जिताडा खातोच."

हे अगदी खरं आहे. जिताड्याची पिल्लं भावंडांना गिळतात. म्हणून आकाराप्रमाणे सतत निवडून वेगळी करावी लागतात. पण म्हणूनच जिताड्याच्या तळ्यातून मासे निसटले तर त्याचा पत्ता लागणं जवळजवळ अशक्य. जी तूट येईल ती भावंडांच्या पोटात जमा होते. बांधाला पडलेलं खेकड्याचं भोक, मोरीची फाटलेली जाळी, उधाणाच्या रात्री बांधावरून गेलेलं पाणी, यांतलं काहीच वहीत येत नाही. वॉशिंग्टनमध्ये निदान पिंजरे मोडलेले दिसत होते.

परका मासा, आणि त्याने काय केलं

आता मूळ प्रश्न: निसर्गाचं काय बिघडलं? या भागात लोकांची अपेक्षा आणि प्रत्यक्षात जे झालं, त्यांत अंतर पडतं, म्हणून जपून लिहिते.

सुटलेल्या माशांपैकी जे तपासले त्यांतल्या बहुतेकांची पोटं रिकामी होती. जन्मभर वरून पडणाऱ्या गोळ्या खाल्लेल्या माशाला शिकार करायची कशी हे उमजत नाही. काही मासे मात्र तगले. आठ महिन्यांनी, २०१८च्या एप्रिलमध्ये, स्कॅगिट नदीत समुद्रापासून बरंच आत एक जिवंत अटलांटिक सॅमन सापडला. त्याने काहीतरी पकडून खाल्लेलं होतं.

संकराची भीती इथे फारशी नव्हती. अटलांटिक सॅमन आणि पॅसिफिकचे सॅमन एकाच कुळातले असले तरी वेगवेगळ्या प्रजातींचे (जीनस) आहेत. त्यांच्यात टिकाऊ प्रजा होत नाही. पाय रोवण्याची शक्यताही कमी. विसाव्या शतकात या किनाऱ्यावर अटलांटिक सॅमन मुद्दाम वसवण्याचे प्रयत्न झाले आणि फसले होते. शक्यता शून्य मात्र नाही. १९९८मध्ये शेजारच्या कॅनडात, व्हँकुव्हर बेटावरच्या त्सिटिका नदीत, या माशाची नदीतच जन्मलेली पिल्लं सापडली होती.

रोगाचा धोका जास्त खरा होता. सुटलेल्या माशांच्या तपासलेल्या १९च्या १९ नमुन्यांत पायसीन ऑर्थोरिओव्हायरस हा विषाणू निघाला. मे २०१८मध्ये राज्याने कंपनीला ८ लाख लहान मासे नव्याने पिंजऱ्यांत टाकू दिले नाहीत, ते या विषाणूच्या कारणावरून. रोगाचं आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. १९९०च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आपल्या किनाऱ्यावरची टायगर कोळंबीची तळी बसवली. पुढे २००९मध्ये व्हॅनामायला परवानगी मिळाली ती रोगमुक्त जनकांच्या (ज्यांच्यापासून बीज काढतात त्या आईबापांच्या) अटीवर.

राज्याने मोठं पाऊल उचललं. २२ मार्च २०१८ला गव्हर्नर जे इन्स्ली यांनी परक्या माशांची पिंजऱ्यातली शेती टप्प्याटप्प्याने बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली. कंपनीने मग वांझ केलेल्या स्टीलहेड ट्राउट या तिथल्याच माशाकडे वळायचा प्रयत्न केला. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये पिंजऱ्यांसाठी लागणारे राज्याच्या पाण्याचे भाडेकरारही नाकारले गेले, आणि जानेवारी २०२५मध्ये राज्याच्या पाण्यात व्यापारी पिंजरा शेतीवरच बंदी आली.

भाच्याला यातून हवं ते मिळालं. "बघ, परका होता म्हणून बोंब झाली. माझा तर घरचाच."

आणि मग घरचा मासा

इथे सायप्रस बेट बाजूला ठेवून त्याच माशाच्या मायदेशी जावं लागतं. अटलांटिक सॅमन अटलांटिकमध्येच सुटला तर काय होतं?

२०१३च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या पूर्वेला, न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुमारे २०,००० पाळीव सॅमन सुटले. सायप्रसच्या दहावा हिस्साही नाही. बोंब फार झाली नाही, कारण मासा तिथलाच. पुढच्या वर्षांत संशोधकांनी आसपासच्या नद्यांतली पिल्लं पकडून त्यांचे डीएनए तपासले. १८ पैकी १७ ठिकाणी पाळीव आणि रानटी यांची संकरित पिल्लं निघाली.

संकर झाला तर वाईट काय, हा पुढचा प्रश्न. आपण गायी-म्हशींत मुद्दाम करतोच. फरक असा की पाळीव सॅमन हा नॉर्वेत १९७०च्या दशकापासून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला प्राणी आहे. भराभर वाढावा, उशिरा वयात यावा, म्हणून माणसाने तो घडवला. वाढीच्या मागे धावताना भीती सुटली. पाळीव पिल्लू शिकाऱ्याची सावली पाहून तितकंसं दडत नाही, खायला लवकर बाहेर येतं. पिंजऱ्यात हा गुण आहे. नदीत तो मृत्यू आहे. उलट रानटी सॅमन एकेका नदीचा असतो. समुद्राकडे कधी निघायचं, परत कधी यायचं, थंडी किती सोसायची, हे त्याच्या रक्तात त्या नदीने हजारो वर्षांत उतरवलेलं असतं.

आयर्लंडच्या बुरिशूल नदीत हे प्रत्यक्ष मोजलं. रानटी, पाळीव आणि संकरित अंडी एकाच नदीत वाढवली आणि आयुष्यभर माग काढला. २००३मध्ये निष्कर्ष छापले गेले: रानटी माशाच्या तुलनेत पाळीव माशाचं आयुष्यभरातलं यश (अंड्यापासून जगून पुन्हा वीण घालण्यापर्यंतचं) अवघं २ टक्के, आणि संकरित मधे कुठेतरी. नॉर्वेच्या इम्सा नदीतल्या प्रयोगात, २०००मध्ये, वयात आलेले पाळीव मासे विणीला सोडले तेव्हा ते १६ टक्के आलं.

हे आकडे ऐकून भाच्याचा चेहरा खुलला. "म्हणजे मरतातच की! आपोआप साफ."

वर्गात मी असते तर इथेच तास संपवला असता आणि मुलांना घरी विचार करायला लावला असता. ते मरतात, पण मरण्याआधी काय करतात? पाळीव पिल्लू लवकर मोठं होतं. नदीत जागा आणि खाणं मोजकं. मोठं पिल्लू लहान रानटी पिल्लाला चांगल्या जागेवरून हुसकून खाली ढकलतं. एक-दोन वर्षं ते नदीचं अन्न खातं आणि मग समुद्रात जाऊन मरतं. परत येत नाही. ज्याला हुसकलं ते रानटी पिल्लूही गेलं. नदीला दोन्हीकडून तोटा. शिवाय जे संकरित जगतात, ते आपली अर्धवट जुळणारी घडण पुढच्या पिढीला देतात. एकदाच झालं तर निसर्ग ते गाळून टाकतो. पण शेती दरवर्षी चालते आणि मासे दरवर्षी थोडे थोडे सुटतात. नॉर्वेत शंभरावर नद्यांतले रानटी सॅमन तपासले तेव्हा जवळपास निम्म्या नद्यांत पाळीव जनुकं मिसळलेली सापडली.

हे मिसळणं डोळ्याला दिसत नाही. पहिल्या पिढीचा सुटलेला मासा जाणकार ओळखतो: झिजलेले पर, आणि खवल्यावरची वलयं. झाडाच्या खोडासारखी खवल्यावर वलयं पडतात. रानटी माशात ती हिवाळ्यात दाट, उन्हाळ्यात विरळ. बारमाही खाद्यावर वाढलेल्यात ती सारखी. म्हणून नॉर्वेत पाणबुडे नदीत उतरून असे मासे वेचून काढतात, आणि त्याचा खर्च २०१५पासून तिथल्या मत्स्यशेती कंपन्यांनाच सामायिक उचलावा लागतो. पण त्या माशाची पिल्लं नदीत जन्मली की त्यांची वलयं नदीच्या ऋतूंप्रमाणेच पडतात. मग पाणबुड्याला काही दिसत नाही. डीएनए तपासल्याशिवाय तो मासा 'आपलाच' असतो.

सायप्रसच्या दोन लाख माशांमागे कायदा झाला. न्यूफाउंडलंडचे वीस हजार त्या माशांच्या घरात शिरले आणि तिथेच राहिले. माझ्या मते दोहोंत जास्त मोठं प्रकरण दुसरं आहे, आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

जंबुसरला परत

जिताडा सॅमन नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. सॅमन नदीत वितो, जिताडा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात. पिल्लं मग आत गोड्या पाण्याकडे येतात. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, वजन वाढल्यावर, मादी होतो. तेव्हा वर्षाच्या आत तळ्यातून निसटलेला किलोभराचा मासा लगेच वीण घालणार नाही. त्याला आधी आखातात जगून दाखवावं लागेल. सॅमनसारखी पन्नास वर्षांची निवडही त्याच्यावर झालेली नाही. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तो १९९७मध्ये बंदिस्त जागेत वाढवून त्याची वीण घेतली. म्हणून नॉर्वेचे आकडे उचलून खंबायतवर चिकटवणं चूक ठरेल.

पण प्रश्न तोच लागू होतो: बोटुकलीचे आईबाप कुठले? पूर्व किनाऱ्यावरच्या जनकांपासून काढलेलं बीज टँकरने हजार-दीड हजार किलोमीटर आणून दहा मीटर उधाणाच्या, गढूळ, वेगवान पाण्याच्या खाडीकाठी सोडलं, तर तो मासा दिसायला जिताडाच असतो. आणि एखाद्या बीज केंद्रात मोजक्या पाच-पंचवीस जनकांपासूनच सारं बीज काढत असतील, तर तळ्यातले हजारो मासे सख्खी भावंडं असतात. एका पुरात तीच भावंडं एकगठ्ठा खाडीत गेली तर खाडीच्या मूळ कळपात त्यांचं पारडं किती जड होईल, हे कळपाच्या आकारावर ठरतं. ज्या खाडीत जिताडा आधीच कमी झाला आहे तिथे ते जास्तच जड.

तळ्याचा नकाशा काढला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. खेकडे येऊ नयेत म्हणून कुंपण, पक्षी येऊ नयेत म्हणून वर दोऱ्या, पाणी घेताना गाळायला बारीक जाळी. सगळे बंदोबस्त बाहेरचं आत येऊ नये म्हणून, कोळंबीच्या रोगाच्या भीतीने केलेले. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून काय, तर पाणी सोडायच्या मोरीला एकच जाळी, तीही मागच्या वर्षीची.

चौथ्या रविवारी भाच्याने स्वतःच काय काय करायचं ते सांगितलं. मोरीला दुहेरी जाळी, पुढची बारीक, मागची जाड. एक धुवायला काढली तरी दुसरी जागेवर राहील. दर उधाणाआधी बांधावर चालत एक फेरी. बांधाची उंची २०२४च्या पुराची खूण पाहून. आणि निवड करताना दर वेळी मोजणी, अंदाज नाही: मेलेले, खाल्ले गेले असावेत असे, आणि हिशेब न लागलेले, असे तीन वेगळे रकाने. हा तिसरा रकाना त्याला सायप्रसने दिला.

बीज मात्र त्याने फोनवरून विचारलं. बीज केंद्रातल्या माणसाने आकार, नग, दर, टँकर कधी निघेल, सगळं चोख सांगितलं. जनक कुठल्या खाडीतून धरलेले, किती जोड्या, हे विचारल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "भाई, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही. विचारून सांगतो."

आठवड्याने बिल आलं. त्यावर त्यासाठी रकानाच नव्हता. भाच्याने बिलाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलं, "आईबाप कुठले?", आणि ती प्रत परत पाठवली. पैसे अजून दिलेले नाहीत.